कापसाच्या खोलीपर्यंत लाइन: लोखंडी पाइप वाकवण्याच्या नोंदी

15 फेब्रुवारी 2025, शनिवार

घर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. मातीच्या भिंती, सागाच्या कड्या, त्यावर पाट्यांचा माळा, त्यावर कवेलू. मागच्या दोन खोल्यांवर टिन. वायरिंग आजोबांच्या काळातलं: सागाच्या पट्टीवर रबरी वायर, तिला पितळी क्लिपा. पट्टीला वाळवी लागली आहे. काही ठिकाणी बोट दाबलं की पट्टी भुसा होऊन खाली येते आणि वायर क्लिपांवर लोंबत राहते. वायरवरचं रबर तर हात लावला की तुकडे होऊन पडतं.

खरी काळजी कापसाच्या खोलीची. भाव येईस्तोवर कापूस तिथेच छतापर्यंत भरलेला असतो. यंदा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये, बाजार त्याच्या खाली, म्हणून बाबा अजून थांबलेले. कापूस तिथे, सरकीसाठी उंदीर तिथे आणि उंदरांनी कुरतडलेली वायरही त्याच भिंतीला. एक ठिणगी पुरे.

मी बुटीबोरीला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आयटीआय वायरमन. कारखान्यात केबल ट्रे आणि लोखंडी पाइप हेच रोजचं काम, त्यामुळे घरीही तेच करायचं ठरवलं. शनिवार-रविवार जमेल तसं. शेवटची तपासणी आणि टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या ठेकेदाराकडून, हे आधीच बोलून ठेवलं आहे.

पीव्हीसी का नाही, हे सगळेच विचारतात. भिंतीत खाचा पाडून लपवलेलं वायरिंग मातीच्या घराला सोसत नाही. घराखाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यासोबत भिंतही हलते. वरून पीव्हीसी ठोकायचं तर टिनाखाली मे महिन्यात त्याला पोक येतं. तापमान 30 अंशांनी वाढलं की 3 मीटरचा पीव्हीसी पाइप 5-6 मिलिमीटर लांबतो. लोखंडी पाइप लांबतो जेमतेम एक. आणि उंदीर पीव्हीसी खातो, लोखंड खात नाही.

16 फेब्रुवारी

दिवसभर मोजमाप. पाइपला हात नाही.

ओळंबा सोडून सगळ्या भिंती पाहिल्या. माजघराची भिंत खाली जाड, वर बारीक. आतली बाजू 3 मीटर उंचीत 15 सेंटीमीटर मागे सरते. म्हणजे जवळपास 3 अंश. खालून वर गेलेला पाइप कडीच्या रेषेत वळवायचा तर तिथला कोन 90 नाही, 87 आहे. पाइप 93 अंश वळवावा लागेल.

शेजारचे काकाजी आले. गावातलं अर्धं जुनं वायरिंग त्यांच्या हातचं. खाटेवर बसून माझं मोजणं पाहत होते.

"काहून एवढी उठाठेव करतं बाप्पा? दुकानात बेंड भेटते ना रेडिमेड. सॉकेट लाव अन् मोकळा हो."

"काकाजी, भिंतीला गुण्या लावून पहा बरं."

त्यांनी काटकोन पाहायचा गुण्या लावला. वरच्या टोकाला बोट जाईल एवढी फट. काही बोलले नाहीत, पण खाटेवर परत बसलेही नाहीत.

रेडिमेड बेंड 90 अंशांचाच येतो. तो गुण्यात बांधलेल्या घराला चालतो. इथे 3 अंशांचा फरक मीटरभर पुढे गेला की 5 सेंटीमीटरची फट होते. मग सॅडलखाली, म्हणजे पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्टीखाली, लाकडाचे गट्टू ठोकत बसा, नाहीतर पाइप ओढून ताणून भिंतीला भिडवा आणि सॉकेटच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या, आट्यांवर कायमचा ताण ठेवा. शिवाय प्रत्येक रेडिमेड बेंडला दोन जोड. लोखंडी पाइपात प्रत्येक जोड ही अर्थिंग तुटायची एक जागा. पाइपच भिंतीप्रमाणे वाकवला की जोड कमी आणि फटही नाही.

22 फेब्रुवारी

सामान आलं. वर्ध्याला पाहिजे तो पाइप नव्हता, नागपूरहून मागवला. 20 मिलिमीटरचा काळा इनॅमलचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा. मेन बोर्डापासून माजघरापर्यंत 25 चा. इथे पाइपचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. 20 चा पाइप म्हणजे आत 17 मिलिमीटरही जागा नाही, हे वायरी मोजताना लक्षात ठेवायचं.

पाइप घेताना उन्हात धरून शिवण पाहावी. हे पाइप पत्रा गोल करून वेल्ड केलेले असतात. शिवण सरळ, एकसारखी असेल तोच घ्यायचा. वाकवताना शिवण बाजूला ठेवायची. ना वाकाच्या पोटात, ना पाठीवर. पाठीवर पत्रा ताणला जातो, पोटात दाबला जातो, बाजूला दोन्हीचा जोर सगळ्यात कमी.

बेंडर, म्हणजे पाइप वाकवायचं लांब दांडीचं हत्यार, कारखान्यातल्या एका मित्राचा, 20 च्या पाइपाचा. त्याच्या बुटावर, म्हणजे पाइप बसतो त्या गोल खाचेच्या भागावर, बाण आहे, पण त्याची वजावट, म्हणजे वाकामुळे खुणेपुढे वाढणारी उंची, किती ते कुठेच लिहिलेलं नाही. ती काढायला एक तुकडा खर्ची घालावाच लागतो. टोकापासून 300 मिलिमीटरवर खूण केली, खूण बाणावर ठेवून गुण्यात 90 अंश वाकवला, मग तुकडा फरशीवर उभा करून उंची मोजली. 438 भरली. वजावट 138. आता भिंतीवर 800 ची उंची पाहिजे असेल तर खूण 662 वर. हा आकडा बेंडरच्या दांडीवर पंच करून टाकला. दुसरा बेंडर घेतला की आकडा दुसरा.

23 फेब्रुवारी

सपरीतून, म्हणजे पडवीतून, सुरुवात.

वाकवायची जागा गोठ्यामागच्या सावलीत. फेब्रुवारी संपत आला आणि उन्हात पडलेला पाइप दुपारी हातात धरवत नाही.

भाच्याला पहिल्यांदा सांगितलं ते हे, की हा दांडी ओढायचा खेळ नाही. दांडी फक्त दिशा देते, पाइप वाकतो पायाखाली. बुटाच्या टाचेवर पाय असा रोवायचा की पाइप खाचेतून हलता कामा नये, अंगाचा भार पायावर, आणि दांडी एका लयीत खाली. नुसत्या हातांनी ओढलं की पाइप खाचेतून उचलला जातो आणि पोटात चुणी पडते. चुणी पडलेला तुकडा फेकायचाच. आतून तिथे वायर अडते, आणि ओढून काढली तर इन्सुलेशन सोलून निघतं.

पोलाद थोडं मागे येतं. 93 पाहिजे तर 96 पर्यंत न्यावं लागतं, मग सोडल्यावर ते 93 वर बसतं. कोन पाहायला मी कोनमापक वापरत नाही. वेल्डिंग रॉडचं कोटिंग झाडून तो भिंतीच्या कोपऱ्यात दाबून वाकवला, भिंत जशी तसा रॉड, आणि पाइप रॉडला लावून पाहिला. भिंतीची पोटं आणि खळगे रॉडमध्ये आपोआप येतात.

वाकाची त्रिज्या 7.5 सेंटीमीटरपेक्षा कमी नको, असं वायरिंगचं भारतीय मानक आयएस 732 म्हणतं. बुटाची खाच त्याहून मोठी आहे, त्यामुळे तो प्रश्न बेंडरच सोडवतो.

1 मार्च

माजघरातला मयाल, म्हणजे कड्यांना आधार देणारं आडवं जाड लाकूड. हेच सगळ्यात किचकट काम.

पाइप भिंतीवरून जातो आणि मध्ये मयालाचं टोक भिंतीबाहेर 90 मिलिमीटर आलेलं. पाइप तेवढा बाहेर काढून पुढे पुन्हा भिंतीला समांतर न्यायचा. म्हणजे दोन उलटे वाक. किती अंशांचे घ्यायचे ते आपल्या हातात, पण दोन्ही सारखे पाहिजेत.

मी 30 चे घेतले. 30 ला हिशेब तोंडी होतो: जेवढं बाहेर काढायचं त्याच्या दुप्पट अंतरावर दोन खुणा. 90 ला 180. शिवाय पाइप तिरपा गेल्यामुळे लांबी खातो, 30 च्या वाकाला बाहेर काढलेल्या मापाच्या चौथाईहून थोडी जास्त. इथे 24 मिलिमीटर. ते आधीच धरलं नाही तर पुढचा बॉक्स 24 मिलिमीटर दूर राहतो आणि पाइप आखूड पडतो. 45 चे वाक घेतले असते तर खुणा 127 वर आल्या असत्या, जागा कमी लागली असती, पण लांबी 37 ने घटली असती आणि वायर ओढताना दोन्ही वाकांवर जास्त घासली असती. जागा असेल तिथे 30 च बरे.

पहिला वाक झाला की पाइप बेंडरमध्ये उलटा करून दुसरा घ्यायचा, आणि इथेच पाइपाला पीळ पडतो. दोन वाक एका पातळीत न आल्यामुळे पाइप भिंतीवर ठेवला की एक टोक हवेत. म्हणून आधीच पाइपाच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत खडूची रेघ सुतळीने मारून घेतली. दुसऱ्या वाकाच्या वेळी रेघ बरोबर वर येते का, ते बेंडरच्या टोकाशी डोळा नेऊन पाहायचं. भाच्याचा डोळा या कामात माझ्याहून चांगला.

पुढे एका गोल कडीवरून जायचं होतं. तिथे तीन वाकांचा घोडा केला: मधला 45, बाजूचे साडेबावीस-साडेबावीस. कडी 50 मिलिमीटर बाहेर, म्हणून बाजूच्या खुणा मधल्या खुणेपासून अडीचपट, म्हणजे 125 वर. आणि मधली खूण कडीच्या मध्याहून 9-10 मिलिमीटर पुढे सरकवून, कारण हाही लांबी खातो.

काकाजी म्हणाले, "गणित पक्कं हाय तुमचं. आमी तर डोळ्यानं वाकवत होतो."

आणि त्यांचे जुने वाक तालुक्यात अजून दिसतात. डोळ्याने वाकवलेले, पण बरोबर.

2 मार्च

25 च्या पाइपाला बेंडर नाही. त्याला वाक एकच, तोही मोठ्या त्रिज्येचा. हे काम काकाजींनी हातात घेतलं.

वाळू कडक उन्हात वाळवून चाळून घेतली. ओली वाळू आत गच्च बसते, नंतर निघत नाही आणि पाइप आतून गंजतो. एका टोकाला लाकडाची गुल्ली ठोकली, पाइप उभा धरून वाळू भरत गेलो आणि हातोडीच्या दांड्याने बाहेरून हलकेच ठोकत गेलो. प्रत्येक ठोक्याला वाळू खाली बसते. भरली असं वाटतं आणि पुन्हा बोटभर जागा होते. ठोक्याचा आवाज पोकळवरून भरीव झाला की दुसरी गुल्ली. मग सागाच्या ओंडक्यात कोरलेल्या गोल खाचेत पाइप अडकवून, त्याच्या लांब टोकावर दोघं मिळून सावकाश. जोरात एकदम नाही. थोडं वाकवलं की पाइप बोटभर सरकवायचा, पुन्हा थोडं. वाळू आतून आधार देते, त्यामुळे पाइप चपटा होत नाही.

पाइप तापवायचा विचारसुद्धा नको. इनॅमल जळतं, आणि गॅल्वनाइज्ड असेल तर जस्ताचा धूर छातीत जातो.

9 मार्च

मोजणी: एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत वाकांची बेरीज. वायरिंगचा कोड चार पाव वळणांच्या वर जाऊ देत नाही, म्हणजे सगळे मिळून 360 अंश. मेन बोर्डाकडून वर 93, मयालाशी 30 आणि 30, कोपऱ्यात 93, खाली बोर्डाला 90. एकूण 336. इथवर चालतं. पण त्याच ओळीत कडीवरचा घोडा आला की आणखी 90, आणि बेरीज 426. म्हणून मध्ये एक तपासणीचा बॉक्स टाकला. बॉक्स दिसायला बरा नाही, आईने नाक मुरडलं. पण इतक्या वाकांतून वायर ओढायला गेलो असतो तर घामही गेला असता आणि वायरही.

कापाकापीही आज उरकली. इंचाला 24 दातांचं पातं. 18 चं पातं या पातळ पत्र्यात अडकतं. कापल्यावर आत धार उरते, ती रीमरने आणि अर्धगोल कानसेने काढायची. धार निघाली की नाही हे बोट घालून पाहणारे बोट कापून घेतात. आम्ही घरचाच उपाय केला. आईने सरकी काढलेल्या कापसाचा पेळू वळून दिला. तो तारेला बांधून पाइपातून ओढला. जिथे धार असेल तिथे तंतू अडकतात आणि कापसाचा पांढरा केस कडेला लटकून राहतो. ओढलेला पेळू सावलीत धरून पाहिला तर कुठे ओरबाडलाय ते दिसतं. तिथे पुन्हा कानस. आत उरलेला लोखंडाचा कीसही त्याच्यासोबत बाहेर आला.

14 मार्च

धुळवड. काम बंद.

22 मार्च

कापूस गेला. खोली रिकामी, कोपऱ्यात सरकी आणि लेंड्या.

या खोलीत पाइपाचा एकच फाटा, एकच दिवा. स्विच बाहेर, सपरीत. आत ना सॉकेट ना जोड. दिवा काचेच्या गोलाचा, जाळीवाला, एलईडी, आणि तो दाराच्या वरच्या बाजूला, जिथपर्यंत कापूस चढत नाही. बाबांना आत पंख्याचा पॉइंट हवा होता. कापसाच्या खोलीत पंखा कशाला, यावर बरंच झालं. नाही म्हटलं.

प्रत्येक पाइपाचं टोक बॉक्समध्ये शिरतं तिथे आत-बाहेर चेकनट, म्हणजे पाइप बॉक्सला आवळणारे नट, आणि टोकाला वायर घासू नये म्हणून बुश. चेकनट बसतो तिथला रंग घासून चकाकी काढली, नाहीतर लोखंड लोखंडाला भिडतच नाही. उघड्या राहिलेल्या आट्यांना रेड ऑक्साइड. सॅडल मीटरभर अंतराच्या आत, आणि वाकाच्या दोन्ही बाजूंना 30 सेंटीमीटरवर एकेक. मातीच्या भिंतीत रावळ प्लग धरत नाहीत. सागाचे पाचरीसारखे गट्टू डांबरात बुडवून चुन्यात बसवले.

गोठ्यात मात्र लोखंडी पाइप नेला नाही. मूत आणि शेणाच्या वाफेत तो टिकत नाही, आणि कुठे लाइन उतरली तर ढोरांना माणसाआधी शॉक बसतो. तिथे जाड पीव्हीसी, उंच, ढोराचं शिंग पोचणार नाही असा.

30 मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी अर्थिंग. काकाजी म्हणाले मुहूर्त साडेतीनातला आहे, खड्डा आज खण.

लोखंडी पाइपाचं वायरिंग अर्थिंगशिवाय करण्यापेक्षा उघडी वायर परवडली. आत कुठे इन्सुलेशन फाटलं आणि पाइपाला अर्थ नसला, तर अख्ख्या घरातला पाइप जिवंत होतो. सपरीतल्या खांबाला टेकलेलं पोरगंही मग सुरक्षित नाही.

40 मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. काळ्या मातीचा स्वभाव असा, की ओली असताना अर्थिंगला उत्तम, मे महिन्यात भेगाळली की अर्थाशी संबंध सुटतो. म्हणून खड्डा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर घेतला आणि वर पाणी टाकायला नरसाळं ठेवलं. घरातल्या पाइपावर भरवसा न ठेवता प्रत्येक पाइपात वेगळी हिरवी वायर ओढायची आहेच. पाइपही अर्थाला, वायरही अर्थाला.

5 एप्रिल

वायर ओढली. लाइटला 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5. आधी ओढतार पाठवली, मग एकजण मागून वायर भरवतो आणि दुसरा पुढून ओढतो. वायरींना टाल्कची भुकटी चोळली. साबण किंवा तेल नाही, ते वाळून पुढच्या वेळी वायरी चिकटवून ठेवतात. बॉक्स घातला त्या ठिकाणी वायर इतकी सहज गेली की भाच्याला वाटलं तुटलीच.

एक गोष्ट गावातल्या प्रत्येक वायरमनला सांगावीशी वाटते. लोखंडी पाइपात एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकत्रच जायला हवी. फेज एका पाइपातून आणि न्यूट्रल जवळच्या दुसऱ्या पाइपातून उसनी घेतली, तर दोन्ही प्रवाहांचं चुंबकत्व एकमेकांना मारत नाही आणि लोखंड तापतं. पीव्हीसीत हे खपून जातं, म्हणून सवय लागते. जिन्याच्या दोन स्विचच्या जोडणीत हमखास असं करतात.

6 एप्रिल, रामनवमी

ठेकेदार आला. इन्सुलेशन तपासायच्या 500 व्होल्टच्या मेगरने सर्किट एकेक करून पाहिली, एकही 1 मेगओहमच्या खाली नाही. मग मेन बोर्डापासून कापसाच्या खोलीतल्या दिव्याच्या बॉक्सपर्यंत पाइपाची सलगता मोजली. घोड्याजवळच्या तपासणीच्या बॉक्समध्ये काटा किंचित हलला, तिथला चेकनट अजून घट्ट केला, मग ठीक. गळती झाली की लाइन तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी टेस्ट बटणाने पडते हे बाबांना दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. बाबांनी लगेच दोनदा दाबली. आतून आईचा आवाज: "लाइन गेली का?"

उरलेलं काम: टिनाखालच्या दोन खोल्या. तिथे पाइप टिनाला न बांधता खालच्या कडीवर घ्यायचा, पावसाआधी. 20 चे काही पाइप शिल्लक आहेत, 25 चा तुकडा काकाजी घेऊन गेले. बेंडर पुढच्या शनिवारी मित्राला परत, वजावटीचा आकडा दांडीवर आहे तसाच.